चुन्नीलालभाऊ आणि काई खाणारी मासोळी

चुन्नीलाल टेंभरे पहिल्यांदा माझ्या दुकानाची पायरी चढले तेव्हा अर्ध्या गोंदियाची वीज गेली. छपाईचं यंत्र आचका देऊन थांबलं आणि त्याच्या पोटातून निम्मा बाहेर आलेल्या एका भावी नगरसेवकाचं हसू ओठांपाशीच अडकलं. तारेवरचे कावळे उडाले. सकाळपासून हलायचं नाव न घेणारी मालगाडी शिटी न वाजवता, गुपचूप बालाघाटच्या दिशेनं निघून गेली. माणूस म्हणाल तर माझ्या खांद्याला लागेल एवढा, पायात चिखलाची चप्पल. पण डोळ्यांत असा जाळ होता, की वीज येईपर्यंत दुकानात त्याचाच उजेड पडला.

त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि झाकण उघडलं. आत मिठाच्या गादीवर एक चपटी, चंदेरी मासोळी निजली होती. कायमची.

"भाऊ, हिचा फ्लेक्स पायजे. श्रद्धांजलीचा. चौकातून दिसला पायजे असा."

मी फ्लेक्स छापतो. या धंद्यात मी शंकरपटात जिंकलेल्या बैलांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आहेत आणि धडधाकट माणसाचा फोटो चुकून हाराच्या चौकटीत बसवून त्याच्या मुलांचा मारही चुकवला आहे. त्यामुळे मी न डगमगता पेन उचललं.

"नाव?"

"मॅडम."

"आडनाव?"

"मासोळीले कोणतं आडनाव रायते?" ते ओरडले. मग जरा थांबून हळू आवाजात म्हणाले, "टेंभरेच लिवा. घरचीच होती."

आमची ओळख झाली ती अशी. त्यानंतर ते मला सोडायला तयार नव्हते, कारण माझ्या दुकानाला लागूनच त्यांच्या शत्रूचं दुकान होतं.

चुन्नीलालभाऊ गोंदियाजवळच्या मुर्री गावचे. धानाची शेती, आणि जोडीला राईस मिलवाल्यांना बारदाना पुरवायचा व्यापार. दोन्ही बरे चालत. पण त्यांचा खरा ओढा तिसरीकडेच होता. लोक गाई पाळतात, हे वैर पाळत. दोन वेळा वैरण घालत, अंगावरून हात फिरवत, आणि एकेक वैर असं धष्टपुष्ट करत की बघणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. साळ्याच्या लग्नात वाढप्यानं त्यांना बुंदी न वाढता पुढं ढांग टाकली, तर त्यांनी साळ्याशीच नाही, बुंदीशीही बोलणं टाकलं. प्रसादाला बुंदी असली की ते देवाला हात जोडून, बुंदीकडे पाठ करून निघून जात.

अशा माणसाच्या घरात काचेची टाकी आली ती मुलीमुळे. रुची एकुलती एक. तिनं हट्टानं मासोळ्या आणल्या. थोडे निऑन टेट्रा, दोन काळ्या मॉली, आणि एक एंजल. ही एंजल टाकीत फिरायची ती शाळा तपासायला आलेल्या बाईंसारखी. मान ताठ, चाल संथ, आणि एखादा टेट्रा मध्ये आला तर त्याच्याकडे असं बघायची, की तो आपली जागा सोडून कोपऱ्यात उभा राहायचा. म्हणून तिचं नाव मॅडम.

रुची नर्सिंग शिकायला नागपूरला निघाली तेव्हा फाटकात उभी राहून म्हणाली, "बाबा, मॅडमले सांभाळजा. दिवाळीले येईन तं मले थे अशीच दिसली पायजे."

चुन्नीलालभाऊंनी मान डोलावली. आयुष्यभर त्यांची मान आडवीच हलत आली होती. उभी हलली ती त्या दिवशी, आणि तिथंच घात झाला.

कारण महिना होत नाही तो टाकी हिरवी पडली. टाकी खिडकीशी, खिडकीतून ऊन, आणि मासोळ्यांना उपाशी ठेवायचं पाप लागू नये म्हणून चुन्नीलालभाऊ येता-जाता मूठभर दाणे सोडत. काचेवर शेवाळाचा असा लेप चढला की मॅडम कुठं आहेत हे कळायला टॉर्च लावावा लागे. त्यांची बायको, शामकलाबाई, म्हणाल्या, "ह्याच्यात रोवणा लावून टाका. टाकीतच धान होईन."

चुन्नीलालभाऊ तडक गोंदियाला आले, धर्मेंद्रच्या दुकानात.

धर्मेंद्र हा माझा शेजारी. मासोळ्या, टाक्या, रंगीत खडे विकणारा तरुण माणूस. बोलतो हिंदी, समजतो मराठी, आणि गिऱ्हाईक दिसलं की दोन्ही विसरून फक्त हसतो. चुन्नीलालभाऊ म्हणाले, "काच हिरवी होऊन रायली. काई उपाय सांग."

धर्मेंद्रनं जाळीनं एक बोटभर लांबीची सोनेरी मासोळी उचलली. तिचं तोंड खालच्या बाजूला, चिकटपट्टीसारखं. काचेला लावली की चिकटून बसायची आणि काच चाटत सुटायची. दुकानात तिला 'चायनीज' म्हणतात.

"ये ले जाओ काका. काई खाती है, बस."

बस्स. एवढंच बोलणं झालं. पिशवीत पाणी, पाण्यात चायनीज, वर रबर. घरात आणखी कोण आहे, टाकी केवढी आहे, हे यानं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

पुढचं सगळं मला चुन्नीलालभाऊंनी डब्यातल्या मॅडमच्या साक्षीनं सांगितलं. चायनीज आली आणि गुणाची निघाली. काय द्याल ते खायची. भात दिला, भात खाल्ला. पोहे दिले, पोहे खाल्ले. शामकलाबाईंच्या हातची अळूची पानवडी आवडली, तीही खाल्ली. महिन्या-दीड महिन्यात बोटाची काकडी झाली. फक्त काच तेवढी हिरवीच राहिली, पण चुन्नीलालभाऊंना वाटलं, एवढं खाते तर काचही खाईल सवडीनं. मग एका सकाळी त्यांना दिसलं की चायनीज काचेला नाही, मॅडमला चिकटली आहे. बरोबर कुशीवर, एखाद्या आंब्यावर कंपनीचं लेबल असावं तशी. हाकललं तर दुसऱ्या बाजूनं चिकटली. मॅडमच्या अंगावर पांढरे चट्टे उठले, पंख मिटले. ताठ मान कलली आणि कललीच.

"चाटून चाटून मारली, भाऊ," ते म्हणाले. "अन् रुची रोज फोनवर इचारते, मॅडम कशी आहे. मी मनतो, मजेत आहे."

तर असं होतं प्रकरण. दिवाळी दोन महिन्यांवर, मुलीला दिलेला शब्द डब्यात मिठावर, आणि चुन्नीलालभाऊंना एकच गोष्ट हवी होती. धर्मेंद्रनं रुचीला फोन लावून आपल्या तोंडानं सांगायचं, की चूक माझी होती, बाबांची नव्हती. तोवर सूड.

फ्लेक्स मी छापला. मला नाही म्हणता आलं असतं, पण मोह आवरला नाही. मधोमध मॅडमचा फोटो, भोवती झेंडूचा हार, खाली 'कै. मॅडम टेंभरे यांना भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली 'विश्वासघाताचा जाहीर निषेध', आणि एक लाल बाण, धर्मेंद्रच्या दुकानाकडे रोखलेला. फोटो त्यांच्या हट्टाखातर लहान ठेवला होता, कारण निषेध मोठा हवा होता. त्यामुळे दुरून मासोळी दिसत नसे, 'मॅडम' तेवढं दिसे.

दुपारपर्यंत चार शिक्षक सायकली-मोटारसायकली टेकवून चौकात उभे राहिले. "कोणत्या मॅडम गेल्या हो? कालच तं केंद्रावर भेटल्या होत्या!" एका बाईंनी डोळ्याला पदर लावला. कुणी तरी धर्मेंद्रच्या हातात नारळ देऊन, "सांभाळा स्वतःले," म्हणून गेलं. संध्याकाळी वारा सुटला, फ्लेक्सची एक दोरी निसटली आणि बाण वळून शेजारच्या गुपचुपच्या, म्हणजे पाणीपुरीच्या, गाडीवर रोखला गेला. विश्वासघाताचा डाग त्या बिचाऱ्याच्या पाण्यावर आला. तो हातात झारा घेऊन माझ्याकडे धावत आला. फ्लेक्स उतरवावा लागला.

"असू दे," चुन्नीलालभाऊ घडी करत म्हणाले. "आता मीच येऊन बसतो. मी तं वाऱ्यानं वळत नाई."

आणि ते खरंच आले. माझ्या दुकानातलं स्टूल उचललं, धर्मेंद्रच्या दारासमोर मांडलं, आणि राजरोस बसले. बेत सोपा होता. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला परत पाठवायचं. पण गिऱ्हाइकाला परत पाठवायचं तर त्याच्याहून जास्त माहिती हवी. म्हणून चुन्नीलालभाऊ शिकू लागले. मोबाईलवर मासोळ्यांचे व्हिडिओ बघत. फोनवर रुचीला आडून आडून विचारत, "समज, एखाद्याच्या घरी एंजल आहे. मंग त्यानं शेवाळ खाणारी कोणती आणावं?"

"ओटो आणा मनावं बाबा. लहान रायते, गरीब असते. कोणाच्या घरी?"

"आहे एक मूर्ख."

धान निसवायला आलं होतं, बारदान्याचा हंगाम डोक्यावर, आणि हा माणूस सुडाच्या अभ्यासात असा बुडाला की शामकलाबाई गडीमाणसांना सांगत, "मालक कॉलेजात गेले." लवकरच त्यांच्या सवालजबाबाला एक घाट आला. चुन्नीलालभाऊंनी आयुष्यात भांडणांखेरीज एकच मोठं काम केलं होतं, ते म्हणजे भावकीतल्या मुलामुलींच्या सोयरिकी जुळवणं, आणि बिघडवणं. तीच भाषा इथं कामाला आली.

गोरेगावचा एक तरुण मास्तर सकर मासोळी घ्यायला आला. सकरही शेवाळ चाटते. चुन्नीलालभाऊंनी त्याला स्टुलावरूनच अडवलं.

"घरी आणखी कोण कोण आहे?"

"बायको, आई."

"टाकीत इचारून रायलो मी!"

"गोल्डफिश आहेत. तीन."

"टाकी केवढी?"

मास्तरनं हातानं दाखवलं.

"एवढ्या घरात सकर? आज बोटाएवढी आहे. पुढच्या पोळ्याले हाताएवढी होईन. फूटभर वाढते थे! तुमच्या मासोळ्या घर सोडून जातीन. अन् म्हातारी झाली का शेवाळ सोडून गोल्डफिशच्या आंगावरची लाळ चाटते. नको करू बापा ही सोयरीक, पोरी फसतीन. दाणे कमी टाक, टाकी उन्हातून हालव, अन् हातानं काच पूस. घरजावई आणून घर झाडून घेता का?"

मास्तर सकर न घेता गेला. चुन्नीलालभाऊंनी माझ्याकडे बघून मिशीवरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी मास्तर परत आला. बरोबर त्याचे दोन मित्र होते. "हे काका खरं सांगतात," तो त्यांना म्हणाला. तिघांनी मोठ्या टाक्या घेतल्या.

असं होत गेलं. ते एकाला सांगत, "ओटोले एकटी नेऊ नको. थे झुरून मरते. पाच-सहा जणी एकसाथ ने. अन् नव्या कोऱ्या टाकीत सोडू नको, आधी चाटाले काई पायजे तिले, नाई तं उपाशी मरते." तो सहा घेऊन जाई. दुसऱ्याला म्हणत, "तुझे सिक्लिड गुंड आहेत. गुंडाच्या घरी ओटोसारखी गरीब पोरगी देऊ नये. तू गोगलगाय ने, थे दार लावून बसते." तो गोगलगायी नेई. तिसऱ्याला मॉली सुचवत, कारण ती येता-जाता शेवाळ खुडते आणि कोणाच्या अध्यात नसते. बिरसीच्या विमानशाळेतली पोरं येऊ लागली, भंडाऱ्याहून लोक येऊ लागले. धर्मेंद्रनं दुकानात आणखी एक गडी ठेवला. शत्रूला बुडवायला बसलेल्या माणसानं शत्रूचं दुकान असं वर काढलं, की धर्मेंद्र सकाळ-संध्याकाळ त्यांना चहा पाठवी.

"पिऊ नका," मी म्हणालो. "दुश्मनाचा चहा आहे."

"म्हणूनच दोन कप पितो," ते म्हणाले. "नुकसान होऊ दे."

पण रात्री मुर्रीला परत जाताना त्यांची मोटारसायकल हळू जायची. दिवाळी जवळ येत होती. रुचीचा फोन आला की ते कुठं तरी आडोशाला जाऊन म्हणत, "मजेत आहे मॅडम. झोपली आहे." मासोळी किती झोपणार? शामकलाबाई एकदा मला म्हणाल्या, "भाऊ, याईले मासोळीचं दुःख नाई. पोरगी का मनल, याचं आहे. आजवर तिनं बापाची चूक पायलीच नाई."

वसुबारसेच्या आदल्या दिवशी बांध फुटला. दुकानात गर्दी होती. चुन्नीलालभाऊ स्टुलावरून उठले, सरळ गल्ल्यासमोर गेले आणि मोबाईल धर्मेंद्रच्या नाकासमोर धरला.

"लाव फोन. रुची परवा येते. सांग तिले, का मासोळी तुझ्यामुळं मेली."

धर्मेंद्रनं आजवर सगळं हसून घेतलं होतं. त्या दिवशी तोही चिडला. "काका, बहुत हो गया! मैंने क्या किया? कौनसा झूठ बोला मैंने?"

"तू मनला का नाई, काई खाते मनून?"

"हां बोला! काई खाती है!"

"मंग! मी काई देल्लो! भात देल्लो, पोहे देल्लो, पानवडी देल्लो! सारं खाल्ली, अन् मंग मॅडमले खाल्ली!"

धर्मेंद्र तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्यानं सावकाश मागं वळून, एका टाकीच्या काचेवर बोट घासलं आणि ते हिरवं बोट चुन्नीलालभाऊंसमोर धरलं.

"काका... काई. ये. इसको काई बोलते हैं."

"ह्याले?"

"हां."

"ह्याले तं शेवाळ मनते!"

"आप बोलते हो शेवाळ. हम बोलते हैं काई."

मी मुर्री-गोंदियात आयुष्य काढलं आहे. आमच्याकडं 'काही'ला सगळेच 'काई' म्हणतात. काई नाई, काईबी, काईच्या काई. आणि अर्धं गोंदिया हिंदीत काचेवरच्या शेवाळाला काई म्हणतं. एवढी वर्षं हे दोन शब्द एकाच रस्त्यानं जात-येत होते, पण समोरासमोर कधी आले नव्हते. ते आले चुन्नीलालभाऊंच्या टाकीत. धर्मेंद्र म्हणाला, ही शेवाळ खाते, बस. चुन्नीलालभाऊंनी ऐकलं, ही काहीही खाते, बस. आणि त्यांनी इमानदारीनं काहीही खाऊ घातलं. पानवडी खाऊन चटावलेल्या चायनीजला मग शेवाळ कशाला गोड लागेल?

चुन्नीलालभाऊ त्या हिरव्या बोटाकडे बघत उभे होते. त्यांच्या डोळ्यांतला जाळ असा विझला, जसा माझ्या दुकानातला दिवा विझतो. आधी फडफड, मग एकदम काळोख. त्यांचं सगळ्यात धष्टपुष्ट वैर माझ्या देखत दाव्याला हिसका देऊन निघून गेलं.

"म्हणजे चूक माझी," ते स्वतःशीच म्हणाले.

धर्मेंद्रचा रागही गेला होता. तो गल्ल्याच्या बाहेर आला. "नहीं काका. आप दो महीने से यहां बैठके सबको क्या पूछते हो? घरी आणखी कोण कोण आहे. मैंने आपको वो पूछा था क्या? पूछता, तो एंजल के साथ चायनीज देता ही नहीं. काई खाओ या पोहा खाओ, बड़ी होके वो चपटी मछली को छोड़ती नहीं. लाओ फोन. मैं बोलता हूं."

दोन महिने ज्या वाक्यासाठी हा माणूस स्टुलावर बसला होता, ते वाक्य आयतं समोर आलं होतं. त्यांनी मोबाईल खिशात घातला.

"काऊन?" मी विचारलं.

"तो कबूल होऊन रायला ना," ते खिन्नपणे म्हणाले. "आता का मजा?"

पण सूड अंगात भिनला होता. तो कुठं तरी उतरायलाच हवा. घरी जाऊन त्यांनी चायनीजला बादलीत धरलं. शामकलाबाईंना साक्षीला उभं केलं, आणि मोठ्या आवाजात शिक्षा ऐकवली: जन्मठेप, तीही काळ्या पाण्याची. मग तिला परसातल्या विहिरीत सोडली. त्या विहिरीच्या भिंती तिच्या आजोबांनीही पाहिलं नसेल एवढ्या शेवाळानं मढलेल्या. भात नाही, पोहे नाहीत, पानवडी नाही. फक्त काई.

"आता खा," ते विहिरीत वाकून म्हणाले. "काई खाते ना तू? काईच खा."

धनत्रयोदशीला रुची आली. चुन्नीलालभाऊ फाटकापासून तिच्या मागं-मागं चालत होते. टाकी लख्ख होती. शेवाळाचा ठिपका नाही, मॉली आणि टेट्रा आरामात फिरत होते, त्यांच्यात धर्मेंद्रनं पाठवलेल्या सहा ओटो. रुचीनं पिशवी खाली ठेवली आणि टाकीत बघितलं. चुन्नीलालभाऊंनी घसा साफ केला. बोलायचं सगळं त्यांनी पाठ केलं होतं, शेवाळापासून काईपर्यंत.

"मॅडम मेली का?" रुची म्हणाली.

"हो."

"मले वाटलंच. तुमी फोनवर झोपली आहे मनत होते ना, तेव्हाच समजलं." आणि ती चार्जर शोधायला आत गेली.

श्रद्धांजलीचा फ्लेक्स सध्या मुर्रीच्या खळ्यावर, कापलेल्या धानाच्या पुंजण्यावर झाकण म्हणून टाकलेला आहे. तो एका बाजूनं आखूड पडतो.